ऑर्तांसच्या हातचा वस्तरा

त्या हिवाळ्यात बर्फ पडायचं सोडून नुसता पाऊस पडत राहिला आणि फ्रेमोन गावची खाण पाण्यानं काठोकाठ भरली. आर्देनच्या डोंगरात जमिनीखाली पिवळ्या दगडाची एक शीर गेलेली आहे, आणि गावाची चूल तिच्यावरच पेटते. पुरुष खाली उतरून दगड काढतात नि कापतात. बाया वर शेडमध्ये उभ्या राहून तो वाळू-पाण्यानं घासघासून सपाट करतात. मग त्याचा धार लावायचा निसणा होतो आणि तो कुठल्या कुठल्या देशांतल्या न्हाव्यांकडे जातो. शीरच पाण्याखाली गेल्यावर घासायला काय उरणार? शेडची मुकादमीण झेफिरीन हिनं बायांना घरी पाठवलं. पंप पाणी उपसतोय, बोलावीन तेव्हा या, म्हणाली.

बाकीच्या बाया तोंडं पाडून घरी गेल्या. ऑर्तांसनंही वाटेत तोंड पाडलं होतं, पण घरात शिरून चुलीवर हात धरले तेव्हा तिला हसूच फुटलं. असा आनंद होणं बरं नव्हे हे तिला कळत होतं. पण लग्न होऊन या गावात आल्यापासूनचा प्रत्येक हिवाळा तिनं गार पाण्यात हात बुडवून काढला होता. बोटांच्या पेरांना भेगा पडत, भेगांत वाळू जाई, आणि भाकरीचं पीठ मळताना डोळ्यांतून पाणी येई. निजताना ती हातांना डुकराची चरबी चोळून वर लोकरीचे हातमोजे घालायची. तिचा नवरा देझिरे म्हणायचा, बायको कसली, प्रवासाला निघालेली पाहुणीच शेजारी येऊन निजलीय.

देझिरे खाणीतलाच. खाण बुडाल्यावर तो रानात लाकडं ओढायला जाऊ लागला. घरात तिसरा माणूस म्हणजे सासरे लांबेर. त्यांनी जन्मभर शीर फोडली होती आणि आता छातीत दगडाची धूळ घेऊन ते चुलीशी बसलेले असत. खोकला आणि मत, या दोन गोष्टी त्यांच्यापाशी बक्कळ होत्या. दोन्ही ते रोखून धरत नसत.

शेजारी नार्सिस न्हावी एकटाच राहायचा. गावातला एकुलता एक न्हावी, पण गेल्या वर्षापासून त्याचा हात थरथरू लागला होता. नाताळात त्यानं चर्चच्या घंटेकऱ्याच्या कानाची पाळी कापली तेव्हापासून लोक त्याच्याकडे बसायचे टाळू लागले. खालच्या गावात त्याची बहीण होती. ईस्टर झाला की दुकान मोडून तिच्याकडे जायचं, असं त्यानं ठरवलं होतं. मग दाढीसाठी फ्रेमोनच्या माणसांना डोंगर उतरून जावं लागलं असतं आणि चढून येईपर्यंत परत खुंट फुटले असते.

ऑर्तांस एका दुपारी त्याला बटाट्याचं सूप द्यायला गेली, तर तो टेबलावर पत्र्याचा डबा उघडून बसला होता. डब्यात वस्तरे होते. लढाईच्या वेळी शिपाई घराघरांतून लोखंड उचलून नेऊ लागले तेव्हा त्यानं आपले चांगले वस्तरे हंसाच्या चरबीत बुडवून बागेत पुरले होते. शिपाई गेले, डबा वर काढला, तर चरबी नाहीशी आणि आत पाणी. वस्तरे तांबड्या मातीच्या कांड्या होऊन बसले होते. तेव्हापासून तो दरवर्षी एकदा डबा उघडायचा, हळहळायचा आणि मिटायचा.

ऑर्तांसनं एक उचलला आणि सवयीनं अंगठ्यानं घासला. तिच्या अंगठ्याची कातडी म्हणजे कानसच. गंजाखालून पोलादाचा एक ठिपका चमकला.

"काका, हे मेलेले नाहीत," ती म्हणाली.

नार्सिस म्हणाला, मेलेले नाहीत हे मलाही ठाऊक आहे, पण त्यांना उठवायला लागतो तो हात आता माझ्यापाशी नाही. जो कोणी त्यांना उठवील त्याला खुर्चीसकट दुकान देऊन टाकीन, वर माझा आशीर्वाद. तो थट्टेत बोलला आणि सूप भुरकू लागला. ऑर्तांस जागची हलली नाही. खुर्चीकडे, खिडकीशी पेटलेल्या शेगडीकडे, तिच्यावर वाफाळणाऱ्या पाण्याच्या किटलीकडे ती पाहत राहिली. या कामाला गरम पाणी लागतं, हे तिनं आजवर कधी ध्यानातच घेतलं नव्हतं.

"मला शिकवाल?" तिनं विचारलं.

नार्सिस हसता हसता ठसकला. मग त्याच्या लक्षात आलं की ती हसत नाहीये. त्यानं तोंड पुसलं, तिच्या हातांकडे पाहिलं, आणि डबा तिच्याकडे सरकवला.

घरी लांबेरनी ऐकलं आणि चुलीत थुंकले.

"बाईच्या हातात गळा द्यायचा? गाव हसेल."

"मामंजी, या घरातल्यांनी आजवर जे खाल्लंय ते माझ्या हातचंच," ऑर्तांस म्हणाली. "ते काय गळ्याखालून गेलं नाही?"

देझिरे जेवता जेवता एवढा हसला की त्याच्या पाठीत धपका घालावा लागला. लांबेर हसले नाहीत. त्यांचं म्हणणं, माणसानं आपल्याला येतं तेच करावं. फ्रेमोननं दगड घासावा, शहरानं वस्तरा लावावा. त्यांनी एवढे निसणे काढले, पण कधी आपला वस्तरा दुसऱ्याला धार लावायला दिला नव्हता आणि दुसऱ्याचा आपल्या गळ्याला लावलाही नव्हता. आपली दाढी ते आपण करत, चुलीशी बसून, आरशाशिवाय. अलीकडे हनुवटीखाली वाळल्या रक्ताचा एखादा ठिपका राहायचा. त्याबद्दल घरात कोणी बोलत नसे.

गंज काढायचं काम ऑर्तांसला सोपं गेलं. तिनं वस्तरे तेलात भिजत घातले, शिंगाच्या मुठी सोडवल्या, राख चाळून घेतली आणि बुचाच्या तुकड्यानं पाती घासली. कुठं खोल गेलेला गंज खड्डे ठेवून गेला होता. ते तिनं तसेच राहू दिले. नार्सिसनं सांगितलं होतं, पात्याच्या अंगावर देवीचे वण असले तरी चालतात, धारेवर नकोत. धारेपर्यंत किडलेले दोन वस्तरे त्यानं बाजूला काढले, नाक धरून त्यांच्यावर क्रूसाची खूण केली आणि खिडकीतून फेकले. उरलेले चमकू लागले तशी ऑर्तांस कामं करता करता उगीचच चुलीपाशी यायची, फडकं उचलून त्यांच्याकडे बघायची आणि परत झाकायची. पोरीच्या रुखवताकडे बघावं तसं.

मग धार लावायची वेळ आली, आणि इथं तिचं घोडं अडलं.

ऐकायला सगळं सोपं होतं. निसण्यावर पाणी टाकायचं. त्याच दगडाच्या लहान तुकड्यानं वर घासायचं की दुधासारखा लगदा सुटतो. वस्तरा आडवा ठेवायचा, पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकलेली. पाठ उचलायची नाही, कधीच नाही. धार पुढे ठेवून सरकवायचं, टोकाला गेलं की पाठीवरून कूस पालटायची आणि परत. मग थेंब थेंब पाणी घालून दूध पातळ करत जायचं, शेवटी नुसतं पाणी. असं नार्सिसनं सांगितलं, आणि दाखवायला गेला तर हातातला वस्तरा दगडावर ताशासारखा वाजला. तेव्हा त्यानं तो खाली ठेवून नुसत्या बोलण्यानंच शिकवायचं ठरवलं.

ऑर्तांसनं घरी येऊन टेबलावर घरातला निसणा ठेवला, शेडमध्ये ठेवतात तसा दोन्ही बाजूंनी लाकडी पाचर ठोकून घट्ट बसवला, पाय रोवले आणि घासायला लागली. काम जोरात झालं. वस्तरा असा आवाज करत होता की लांबेरनी कानात बोटं घातली. संध्याकाळी तिनं देझिरेला खुर्चीवर बसवलं, फेस लावला आणि गालावरून पहिला हात फिरवला.

देझिरे ओरडला नाही. तो खाणीतला माणूस होता. पण त्याचे दोन्ही पाय जमिनीवरून वर उचलले गेले आणि बराच वेळ खाली आले नाहीत.

"काय झालं?" ऑर्तांसनं विचारलं.

"काही नाही," देझिरे डोळे पुसत म्हणाला. "तू दाढी करतेयस की बटाटे सोलतेयस, एवढंच विचारणार होतो."

दुसऱ्या दिवशी रानात त्याच्या जोडीला तुसाँ होता. हा झेफिरीन मुकादमिणीचा नवरा, गावातला नंबर एकचा चावट. त्यानं देझिरेचे गाल पाहिले आणि मांजरानं ओरबाडलं की बायकोनं, एवढंच विचारलं. देझिरेनं खरं ते सांगितलं. ही चूक झाली. संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळलं आणि ऑर्तांस पाण्याला निघाली की गडी आपापल्या गळ्याला मफलर गुंडाळू लागले. ऊन पडलेलं असतानाही. ती हसून साजरं करायची, पण घरी येऊन हंडा जरा आपटूनच ठेवायची.

तिनं सगळे वस्तरे पुन्हा लावले. जेवढा जोर कमी पडला असं वाटलं तेवढा जास्त लावला. नार्सिसनं एक एक उजेडात धरून पाहिला, नखावरून अलगद ओढला आणि मान हलवली. धार नव्हे ही, करवत आहे. सूत कातायच्या ऐवजी तू दोरखंड वळलायस. जोर नको, पोरी. दुधावरची साय काढतेस तशी काढ. ऑर्तांस म्हणाली, जोर नाहीच लावला. नार्सिस म्हणाला, तुला कळत नाहीये तू लावतेस ते. तुझा खांदाच लावतो. सगळ्या फ्रेमोनच्या बायांचा लावेल. दगडावर हात पडला की तुमचं सगळं अंग मागून येतं.

हे खरं होतं, आणि त्याच्यावर काय करायचं हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. त्यात भर म्हणून तिनं त्याच दिवशी नार्सिसचा चामड्याचा पट्टा कापला. पट्ट्यावर वस्तरा परजताना पाठ पुढे न्यायची असते. तिनं निसण्याच्या सवयीनं धार पुढे नेली आणि नार्सिसच्या वडिलांच्या वेळचा पट्टा मधोमध चिरला गेला. नार्सिसनं चिरेवरून बोट फिरवलं आणि खिडकीबाहेर पाहत बसला. तो शिव्या देता तर तिला बरं वाटलं असतं. ती घरी जाऊन परसात कोंबड्यांच्या खुराड्यामागे उभी राहिली आणि पोटभर रडली.

त्यानंतरचे काही दिवस ऑर्तांसनं वस्तऱ्यांना हात लावला नाही. मग एका सकाळी लांबेरनी टेबलावरून भांडण काढलं. कुट्टूच्या पिठाची धिरडी करायची होती, देझिरेला रानात शिदोरी द्यायची होती, आणि टेबलाच्या मधोमध तिचा निसणा पाचर ठोकून बसलेला.

"हे जेवायचं टेबल आहे," लांबेर म्हणाले. "कारखाना नाही. उचल हा धोंडा."

ऑर्तांसनं तोंडातल्या तोंडात काही म्हटलं आणि पाचर काढली. धिरडी झाली, देझिरे गेला, पण लांबेर टेबलावर दोन्ही कोपरं टेकून असे बसले की जणू कोणी ते चोरूनच नेणार होतं. तिला राग आला. निसणा, एक वस्तरा आणि पाण्याची वाटी घेऊन ती उंबऱ्यावर जाऊन बसली. कितीतरी दिवसांनी ऊन पडलं होतं. निसणा कशावर ठेवायचा? मांडीवर ठेवला तर घागऱ्यावरून घसरायला लागला. शेवटी तिनं तो डाव्या तळहातावर घेतला, पाणी शिंपडलं आणि उजव्या हातानं वस्तरा वर ठेवला.

पहिल्याच फेरीला डावा हात खाली गेला. तिनं वस्तरा दाबला होता, आणि दगडाखाली टेबल नव्हतं, हात होता. हातानं सांगितलं, बाई, तू दाबतेयस. तिनं जोर कमी केला. हात तरी थोडा दबला. आणखी कमी केला. शेवटी वस्तरा आपल्याच वजनानं दगडावरून जाऊ लागला आणि डावा हात हलेनासा झाला. तेव्हा तिला आवाज ऐकू आला. आजवर खरखर ऐकू यायची, ती बंद होऊन रेशीम फाडल्यासारखा एक बारीक सूर येत होता. तिनं श्वास रोखून ऐकलं. कोंबड्या पायाशी आल्या तरी तिनं त्यांना हाकललं नाही.

लग्न झाल्यापासून तिनं दगड शेडमधल्या बाकावर ठेवून घासला होता. तिच्या सासूनं, सासूच्या सासूनं, गावातल्या सगळ्या बायांनी तसाच घासला होता. दगड हातात धरून कोणी काम करतं हे त्या गावात कोणाच्या डोक्यातच येणं शक्य नव्हतं. नार्सिस हातातच धरायचा, पण त्याला ते सांगावंसं कधी वाटलं नाही. श्वास घ्यायचा असतो असं कोण सांगतं?

तिनं दूध पातळ करत नेलं, नुसत्या पाण्यावर आणलं, वस्तरा पुसला आणि हातावरच्या केसांवरून हवेतल्या हवेत फिरवला. केस न ओढता गळून पडले. ऑर्तांस उठली आणि उंबऱ्यावरच एक गिरकी घेतली. मग आत लांबेर बघतायत हे ध्यानात येऊन तिनं उगीच झाडू उचलला.

त्या संध्याकाळी देझिरे खुर्चीवर बसला तो दोन्ही हातांनी खुर्ची धरून. तिनं फेस लावला, वस्तरा लावला, एक गाल केला, दुसरा केला, गळा केला.

"लाव ना आता," देझिरे डोळे मिटूनच म्हणाला. "किती वाट बघायला लावतेस?"

"झाली," ऑर्तांस म्हणाली.

त्यानं गालावरून हात फिरवला. परत फिरवला. मग उठून तिला कमरेत धरलं आणि चुलीभोवती नाचवलं. लांबेर पाय ओढून घेत म्हणाले की म्हातारपणी चुलीपाशी तरी निवांत बसू द्या.

नार्सिसनं नव्यानं लावलेले वस्तरे एक एक करून नखावरून ओढले आणि शेवटच्यापाशी आल्यावर खिशातून रुमाल काढून नाक शिंकरलं. मग त्यानं रोखठोक सांगितलं. ईस्टरच्या आदल्या शनिवारी सगळं गाव दाढीला येतं. त्या दिवशी तू उभी राहा. गाव बसलं तर दुकान तुझं. नाही बसलं तर खालच्या गावातला एक न्हावी खुर्ची नि सामान मागतोय, त्याला देऊन मी मोकळा होतो. मला कोणावर जबरदस्ती करता येत नाही.

त्याच आठवड्यात झेफिरीननं निरोप धाडला. खाण उपसून झाली, पहिला दगड वर आला. ईस्टरनंतरच्या मंगळवारी बाकावर हजर राहायचं. जी येणार नाही तिच्या जागी दुसरी उभी राहील, वाट बघणाऱ्या पोरी पुष्कळ आहेत. लांबेरनी निरोप ऐकून सुनेकडे पाहिलं.

"बाक गेला की परत मिळत नाही," ते म्हणाले. "गडी बसतील म्हणतेस. मफलर बघितलेस ना त्यांचे?"

ऑर्तांसनं आपले हात एप्रनखाली घेतले. भेगा भरून आल्या होत्या, आणि बोटांना आता सुताएवढा फरकही कळत होता. ते हात परत त्या पाण्यात घालायचे?

शनिवारी तिनं दुकान पहाटेच झाडलं. शेगडी पेटवली, पाणी ठेवलं, फडकी उकळून वाळवली, वस्तरे ओळीनं मांडले. नार्सिस कोपऱ्यात कोट घालून बसला, लग्नात बसावं तसा. देझिरेला त्याच दिवशी गाडी घेऊन रानात जावं लागलं होतं. दुपारपर्यंत येतो म्हणाला होता.

गडी आले. एक, दोन, मग घोळका. पण आत कोणी येईना. समोरच्या भिंतीला टेकून त्यांनी पाईप पेटवले, हवापाण्याच्या गप्पा मारल्या, खिडकीतून आत डोकावले आणि परत भिंतीला टेकले. सगळ्यांच्या दाढ्या आठवडाभराच्या. तुसाँ तर अस्वलासारखा दिसत होता. ऑर्तांसनं दारात जाऊन या म्हटलं. येतो, येतो, म्हणाले आणि जागेवरून हलले नाहीत. पाणी उकळून कमी झालं, तिनं नवं ठेवलं. तेही उकळलं. ती खुर्चीची पाठ पुसत राहिली. नार्सिस कोपऱ्यात शांत बसून डुलक्या काढत होता, आणि तिला त्याचा फार राग आला.

शेवटी तिनं एप्रनची गाठ सोडली.

"काका, मी जाते घरी."

"कुठं?" नार्सिस दचकून उठला. "घंटा व्हायच्यात अजून."

"घंटांचं काय?"

नार्सिस तिच्याकडे बघतच राहिला. मग त्यानं कपाळावर हात मारला. या दिवशी दुकानात कधी बाईमाणूस आलंच नव्हतं, तिला कसं ठाऊक असणार? फ्रेमोनमध्ये जुनी रीत अशी होती, की ईस्टरच्या शनिवारी न्हाव्यानं ज्याला कापलं त्याला न्हाव्यानं पेकेट दारूचा एक पेला पाजायचा. पण गुरुवारपासून चर्चच्या घंटा मुक्या असतात, त्या रोमला गेल्यात असं पोरांना सांगतात, आणि त्या परत येऊन वाजेपर्यंत उपास असतो. दारू चालत नाही. घंटांच्या आधी जो खुर्चीत बसेल त्याचं रक्त फुकट गेलं. म्हणून सगळे थांबलेत. दरवर्षी थांबतात.

"म्हणजे मी कापणार, हे धरूनच चाललेत," ऑर्तांस म्हणाली.

"मी कापायचो ना. मागल्या वर्षी अर्धं गाव दुकानातून झिंगत गेलं."

ऑर्तांस मटकन खुर्चीत बसली आणि हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहिलं. नार्सिसनं तिला आपला रुमाल दिला. ती अजून पुसतच होती तेवढ्यात डोंगरावरून घंटा वाजल्या, आणि भिंतीला टेकलेली सगळी माणसं एकदम दाराशी ढकलाढकली करू लागली.

पहिला तुसाँ घुसला. खुर्चीत बसून त्यानं गळा वर केला आणि कपाटातल्या बाटलीवर डोळा ठेवला. ऑर्तांसनं फेस केला, वस्तरा सांधलेल्या पट्ट्यावर परजला, पाठ पुढे ठेवून, सावकाश. मग सुरुवात केली. दुकानातलं बोलणं थांबलं. वस्तरा केसांतून जाताना जो बारीक आवाज होतो तेवढाच ऐकू येत होता. अस्वलाखालून हळूहळू एक बऱ्यापैकी देखणा माणूस बाहेर आला. तिनं गरम फडकं लावून काढलं. सगळ्यांनी वाकून पाहिलं. कुठं एक टिंब नाही.

"कानामागं बघा," तुसाँ म्हणाला. "तिथं झोंबलंय."

कानामागं पाहिलं. काही नव्हतं. त्यानं पेला मागितला, नार्सिसनं रक्त मागितलं. तुसाँ हिरमुसला होऊन बाकड्यावर जाऊन बसला, पण हात मात्र सारखा गालावर. दुसरा बसला, त्याचंही तेच. तिसऱ्यानं तर ऐन वेळी मान झटकली, पण ऑर्तांसनं वस्तरा आधीच उचलला होता. परत असं केलंस तर अर्धी मिशी ठेवून घरी पाठवीन, असं तिनं त्याला बजावलं. दुकान हशानं दणाणलं. देझिरे रानातून आला तो दारातच थबकला. बायको बाह्या सारून उभी, गाल लाल झालेले, आणि गावातले टगे तिच्यासमोर पोरांसारखे ओळीनं बसलेले. आजवर तो तिच्यावर जेवढा खूश झाला होता त्या सगळ्याची बेरीज त्या क्षणी झाली. पण तो एवढंच म्हणाला, की पाणी भरून आणू का?

ऊन कलतं झालं तेव्हा दारात लांबेर उभे राहिले. काठी टेकत ते तिथवर आले होते. लोकांनी वाट दिली. त्यांनी कोणाकडे पाहिलं नाही. मांडलेला निसणा उचलला, उजेडात धरला, अंगठा फिरवला.

"हा खालच्या शिरेतला," ते म्हणाले. "माझ्या हातचा."

"तुमच्याच हातचा, मामंजी."

"दगड कसा चाललाय, ते बघायला आलो." त्यांनी निसणा ठेवला, खोकले, आणि कोणी बसा म्हणायच्या आत खुर्चीत बसले. "बघू."

त्या गळ्याला उभ्या जन्मात दुसऱ्याचा हात लागला नव्हता. ऑर्तांसला पहिल्यांदाच भीती वाटली. तिनं गरम फडकं त्यांच्या तोंडावर ठेवलं, जरा जास्तच वेळ ठेवलं. मग फेस लावला. जुन्या जखमांचे बारीक वण तिच्या बोटांना लागले, हनुवटीखाली ओळीनं. तिनं कातडी अलगद ताणली आणि वस्तरा टेकवला. एक गाल झाला. लांबेरची खुर्चीच्या हातावर आवळलेली मूठ सैल झाली. दुसरा गाल झाला. तिनं मान मागे टेकवून गळ्यावर वस्तरा आणला, आणि थांबली. म्हाताऱ्याचं तोंड उघडं पडलं होतं.

"काय झालं?" तुसाँनं घाबरून विचारलं. "आहेत ना?"

उत्तर म्हणून लांबेर घोरले.

कोणी हसलं नाही. बाकड्यावरच्यांनी टोप्या काढून गुडघ्यावर घेतल्या. रात्ररात्र खोकत बसणारा माणूस भर दिवसा, गावासमोर, सुनेच्या हातात गळा देऊन झोपला होता. ऑर्तांसला समोरचं अंधूक दिसायला लागलं. तिनं बाहीनं डोळे पुसले आणि हात आणखी हलका केला. गळा झाला. तिनं फडक्यानं फेस टिपला आणि आपली शाल काढून त्यांच्या छातीवर पांघरली. मग खिडकीशी एक स्टूल ओढलं आणि पुढच्या माणसाला खुणेनं तिथं बोलावलं.

तुसाँ जायला निघाला होता. दारात त्याला आठवलं, आणि तो मागे वळून म्हणाला की झेफिरीननं विचारायला सांगितलंय, मंगळवारी बाकावर येतेस ना?

ऑर्तांसनं ओठावर बोट ठेवलं.

"नाही येत म्हणावं," ती कुजबुजली. "आणि हळू बोल, मामंजी झोपलेत."